पँथरचं न वाचलेलं पत्र

दलित पँथर १९७२ साली मुंबईत उभी राहिली तेव्हा नाव अमेरिकेतून आलं, हे तुम्हाला पाठ आहे. शिबिरात आपण ते छाती पुढं काढून सांगतो. ओकलंड नावाच्या बंदराच्या शहरात १९६६ साली ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील या दोन काळ्या पोरांनी ब्लॅक पँथर पार्टी काढली. गोरे पोलीस वस्तीत शिरून काळ्यांना बडवायचे, तर ही पोरं एका हातात बंदूक नि दुसऱ्या हातात कायद्याचं पुस्तक घेऊन पोलिसांच्या मागं फिरायची. १९६९ पासून वस्तीतल्या लेकरांना शाळेआधी फुकट न्याहारी घालायची. आपल्या पोरांनी हे वाचलं, अंगात वारं भरलं आणि नाव उचललं. चांगलंच केलं. बाबासाहेबांनीसुद्धा १९४६ साली काळ्यांचे विद्वान पुढारी डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र घातलं होतं. काळे लोक युनोकडे अर्ज करताहेत, त्याची प्रत मिळेल काय, असं विचारलं होतं. द्यु बॉइसनी उत्तरही धाडलं. म्हणजे हा रस्ता आपल्या घरातूनच गेलेला.

पण नाव आणताना एक कागद मागं राहिला. आज त्या कागदाबद्दल बोलायचंय.

१५ ऑगस्ट १९७० या दिवशी ह्यूई न्यूटननं न्यूयॉर्कमध्ये एक भाषण केलं. त्याच महिन्यात ते पँथरच्या मुखपत्रात पत्र म्हणून छापून आलं. तारीख ध्यानात ठेवा. राजा ढाल्यांचा 'काळा स्वातंत्र्यदिन' 'साधने'त आला तो १५ ऑगस्ट १९७२ ला. त्याच्या बरोब्बर दोन वर्षं आधीचं हे पत्र. विषय होता बायकांची मुक्तिचळवळ आणि समलिंगी माणसांची मुक्तिचळवळ.

न्यूटन आपल्याच पोरांना सांगतो, तुमची वैयक्तिक मतं काय असतील ती असोत. बायकांकडं आणि समलिंग्यांकडं तुम्ही पिचलेली माणसं म्हणूनच बघितलं पाहिजे आणि त्यांच्या चळवळीशी हात मिळवला पाहिजे. समलिंगी माणूस दिसला की त्याच्या तोंडात मारावीशी का वाटते? कारण आपणही तसेच निघू अशी पोटात भीती असते. बाई बोलायला लागली की तिला गप का करावंसं वाटतं? तिथंही भीतीच. समाजात सगळ्यात जास्त दडपलेला कदाचित समलिंगी माणूसच असेल आणि म्हणून तोच सगळ्यात मोठा क्रांतिकारक होऊ शकेल. आणि शेवटी कामाची गोष्ट. समलिंग्यांसाठी ज्या घाणेरड्या शिव्या आहेत त्या तोंडातून काढून टाका. निक्सनसारख्या दुश्मनालासुद्धा ती शिवी देऊ नका. ती दुश्मनाला लागत नाही, आपल्याच माणसाला लागते.

मी हे पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझे केस पांढरे झाले होते. वाचलं आणि मला बांगड्या आठवल्या.

आपण किती मोर्चांत बांगड्या नेल्यात? तहसीलदार गुन्हा नोंदवत नाही, ने बांगड्या. फौजदार आरोपीला धरत नाही, ठेव त्याच्या टेबलावर बांगड्या. पेपरात फोटो येतो, आपण खूश. अशाच एका मोर्चात मी बांगड्यांचं ताट धरून पुढं होतो. बाजूला आमच्या वस्तीतली एक म्हातारी चालत होती. बिगारकाम करून पाच लेकरं वाढवलेली बाई. ती म्हणाली, "आरं, माझ्या हातातबी ह्याच हायेत की. ह्या घालूनच मी पाटी उचलली. ह्याच्यात लाज वाटण्यासारखं काय हाय?" मी हसलो. पुढं घोषणा दिली. उत्तर दिलं नाही, कारण माझ्याजवळ नव्हतंच.

दुसरी गोष्ट सांगतो. आमच्या जलशात एक पोरगा होता. ढोलकीवर हात असा की समोरची माणसं उठून जायची नाहीत. चालणं-बोलणं जरा मऊ. आम्ही त्याला बायल्या म्हणायचो, आणि त्याच्याहून वाईटही म्हणायचो. तोही हसायचा. एक दिवस तो यायचा बंद झाला. चार दिवसांनी दुसरा ढोलकीवाला आला, जलसा चालू राहिला. तो कुठं गेला हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. बहिष्कार म्हणजे काय हे ज्यांच्या पिढ्यांना ठाऊक, त्यांनी एका पोरावर न बोलता बहिष्कार घातला. गावकी बसली नाही, ठराव झाला नाही, नुसतं हसून घातला.

म्हणून हा इतिहास सांगायचाय.

पण पत्र लिहिलं म्हणजे सगळं झालं काय? नाही. हेही खरं सांगितलं पाहिजे. १९७४ मध्ये एलेन ब्राऊन ही बाई ब्लॅक पँथरची अध्यक्ष झाली. १९७७ मध्ये ती पक्ष सोडून गेली. पक्षातल्या एका बाईला पुरुष कार्यकर्त्यांनी मारलं आणि न्यूटननं मारणाऱ्यांची बाजू घेतली, असं तिनं पुढं आत्मचरित्रात लिहिलंय. ज्यानं पत्र लिहिलं त्यालाच ते पाळता आलं नाही. कागदावरची क्रांती आणि घरातली क्रांती यांत अंतर असतं. आपला १९७३ चा जाहीरनामा काढून बघा. दलित कोण, याच्या व्याख्येत त्यानं अनुसूचित जाती-जमाती, नवबौद्ध, कष्टकरी, भूमिहीन यांच्याबरोबर स्त्रियांनाही धरलंय. फार मोठी गोष्ट होती ती. पण व्यासपीठावर किती जणी होत्या, ते तुम्हीच मोजा.

मग हे पाळलं कुणी? लहान-लहान गटांनी. मोठ्या पक्षांना जे जमलं नाही ते पाच-पंधरा जणांच्या गटांनी केलं. न्यूयॉर्कमध्ये जून १९६९ ला स्टोनवॉल नावाच्या दारूच्या गुत्त्यावर पोलिसांची धाड पडली. समलिंगी नि तृतीयपंथी माणसं उलटून उभी राहिली आणि काही रात्री रस्त्यावर दंगल चालली. पुढच्या वर्षी मार्शा जॉन्सन ही काळी आणि सिल्व्हिया रिव्हेरा ही लॅटिन अमेरिकी वंशाची, अशा दोघींनी 'स्टार' नावाचा गट काढला. घरातून हाकललेली तृतीयपंथी पोरं फुटपाथवर झोपायची. या दोघींनी एक पडकं घर घेऊन त्यांना निवारा दिला. भाडं आणि भाकर यांसाठी स्वतः रस्त्यावर धंदा केला, पोरांना करावा लागू नये म्हणून. घर फार दिवस टिकलं नाही. पण आधी छप्पर, मग भाषण, हा धडा त्यांनी घालून दिला.

आता बॉस्टनकडे या. इथं जरा थांबू, कारण आपल्याला शिकायचंय ते इथं आहे.

बॉस्टन हे अमेरिकेतलं शिकल्या-सवरल्यांचं शहर. आपल्याकडं पुण्याला म्हणतात तसं. आणि पुण्यासारखंच, शिकलेलं आहे म्हणजे माणुसकीचं आहे असं काही नाही. १९७४ मध्ये तिथं न्यायालयानं हुकूम दिला की काळ्या नि गोऱ्या मुलांच्या शाळा वेगळ्या ठेवायच्या नाहीत, बसमधून मुलं इकडून तिकडं न्यायची. काळी लेकरं बसमधून गोऱ्या वस्तीत शिरली की गोरे बाप्ये नि बाया दगड मारायचे. सावित्रीबाईंवर शेण फेकणारे आठवा. जात तीच, कातडी वेगळी.

त्याच वर्षी काही काळ्या बायका एकमेकींच्या घरी बसू लागल्या. बार्बरा स्मिथ, तिची जुळी बहीण बेव्हर्ली स्मिथ, डेमिटा फ्रेझियर आणि इतर काही जणी. आधी त्या एका राष्ट्रीय काळ्या स्त्रीवादी संघटनेची बॉस्टन शाखा होत्या. नंतर वेगळ्या झाल्या आणि नाव घेतलं कोंबाही रिव्हर कलेक्टिव्ह. म्हणजे कोंबाही नदीचा गट.

नदीचं नाव का? १८६३ मध्ये अमेरिकेतल्या यादवी युद्धात हॅरिएट टबमन या बाईनं साउथ कॅरोलिनात कोंबाही नदीवर फौजेच्या बोटी नेल्या आणि एका मोहिमेत सातशेहून जास्त गुलाम सोडवून आणले. टबमन स्वतः गुलामीतून पळालेली. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. आपण भीमा कोरेगावला का जातो? कारण लढल्याची एक जागा लागते, नुसती रडल्याची जागा पुरत नाही. या बायांनीही तेच केलं. एकटीच्या नावाऐवजी पुष्कळांच्या सुटकेची जागा घेतली.

या गटातल्या अनेक जणी समलिंगी होत्या आणि ते त्या लपवत नव्हत्या. त्यांची अडचण बघा. गोऱ्या बायकांच्या संघटनेत गेलं तर तिथं मालकिणीची भाषा. बाई म्हणजे गोरी बाई. धुणंभांडी करायला येणारी काळी बाई त्यांच्या हिशेबातच नाही. काळ्यांच्या संघटनेत गेलं तर पुढारी पुरुष. आधी वंशाचा प्रश्न सुटू दे, तुमचं मग बघू. गोऱ्या समलिंग्यांत गेलं तर तिथंही रंग आडवा. आणि डाव्यांकडं गेलं तर वर्गाखेरीज दुसरं काही नाहीच. चारही दारं अर्धी उघडी. प्रत्येक दाराशी स्वतःचा एक तुकडा बाहेर ठेवून आत यायचं.

आपल्या आया-बहिणींना हे सांगायला नको. दलित म्हणून मोर्चात यायचं, बाई म्हणून घरी ठेवून.

एप्रिल १९७७ मध्ये या गटानं एक निवेदन लिहिलं. ते आज जगभर शिकवलं जातं. त्याचं सार असं. वंश, वर्ग, लिंग आणि कुणावर प्रेम करायचं ही निवड, यांवरून होणारे जुलूम सुटे नाहीत. ते दोरीच्या पिळासारखे एकात एक वळलेले आहेत. एक धागा ओढून दोर तुटत नाही. सगळ्यात खाली दबलेली काळी बाई मोकळी झाली तर सगळ्यांनाच मोकळं व्हावं लागेल, कारण तिच्या मानेवर सगळ्यांचेच पाय आहेत. आता हे वाचून तुम्हाला आपल्या बाबासाहेबांची उतरंड आठवली नाही तर नवल. वर चढता मान, खाली उतरती घृणा. तळातला माणूस हलला तर अख्खी उतरंड हलते.

आणखी एक गोष्ट त्यांनी ठणकावून सांगितली. पुरुषांपासून पार फुटून निघायची वाट आम्हाला नको. वंशद्वेषाविरुद्ध आम्ही काळ्या पुरुषांच्या बरोबरीनं लढू आणि घरातल्या जुलमाबद्दल त्याच पुरुषांशी भांडू. दोन्ही एकाच वेळी. काही कार्यकर्ते म्हणतात, बायकांचा प्रश्न काढला की चळवळ फुटते. त्यांनी हे नीट ऐकावं. फोडायचं असतं तर त्या कधीच निघून गेल्या असत्या. भांडत राहतो तो सोडून न जाणारा माणूस.

निवेदनाच्या जोडीला कामही होतं. एका काळ्या डॉक्टरवर कायदेशीर गर्भपात केल्याबद्दल मनुष्यवधाचा खटला भरला होता, त्यात त्या त्याच्या बाजूनं उभ्या राहिल्या. काळ्या वस्तीत शाळेचं बांधकाम चाललेलं आणि कामावर काळे मजूर घेत नव्हते, तिथं निदर्शनांना गेल्या. गरीब बायकांची त्यांना न सांगता नसबंदी व्हायची, तिच्याविरुद्ध बोलल्या. आपल्याकडं आणीबाणीत नसबंदीची सक्ती झाली तीही याच वर्षांत. जगभर गरिबाचं पोट मोकळं ठेवायची घाई श्रीमंतालाच असते.

मग १९७९ साल उजाडलं. जानेवारीच्या शेवटी रॉक्सबरी या काळ्यांच्या वस्तीत दोन काळ्या पोरींची प्रेतं सापडली. दोघीही विशीच्या आतल्या. मग तिसरी. मग चौथी. मे संपेपर्यंत बारा काळ्या बायका मारल्या गेल्या. जवळजवळ सगळ्या रॉक्सबरी, डॉर्चेस्टर आणि साऊथ एंड या लागून असलेल्या वस्त्यांत. पेपरवाल्यांनी सुरुवातीला आतल्या पानात चार ओळी टाकल्या. पोलिसांच्या तोंडून आडून-आडून तेच, बाया कसल्या होत्या, रात्रीच्या कुठं गेल्या होत्या. हे वाक्य ओळखीचं वाटतं ना? खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ ला आई-लेकीला मारलं तेव्हाही पहिली कुजबूज बाईच्या चारित्र्याचीच उठवली होती.

१ एप्रिलला मोठा मोर्चा निघाला. दीड हजार माणसं. शेवटी सभा झाली. बोलणारे बहुतेक पुरुष. ते म्हणाले, हा वंशद्वेष आहे. खरं होतं. पण मेल्या त्या फक्त बाया का, हे कुणी बोलेना. उलट उपदेश असा की बायांनी घराबाहेर पडू नये, आपल्या पुरुषांच्या आधारानं राहावं. बार्बरा स्मिथ गर्दीत उभी होती. ती संतापून घरी गेली आणि लिहायला बसली. ज्या बाईला घरात पुरुष नाही तिनं काय करायचं? जिला घरातला पुरुषच मारतो तिनं काय करायचं? आणि रात्रपाळीला जाणारीनं कामच सोडायचं काय?

त्यातून एक पत्रक निघालं. नाव होतं, सहा काळ्या बाया: त्या का मेल्या? हे खून वंशद्वेषाचे आहेत आणि बाईच्या द्वेषाचेही आहेत, दोन्ही एकदम, हे त्यात साध्या शब्दांत होतं. रस्त्यानं जाताना काय काळजी घ्यायची, कुठला गट कुठं भेटेल, मदत कुठं मिळेल याची यादी होती. इंग्रजीत काढलं, स्पॅनिशमध्येही काढलं, कारण शेजारच्या वस्तीतल्या बायांची ती भाषा. हजारो प्रती वाटल्या. पत्रक छापून होईपर्यंत आणखी बाई मारली जायची. मग सहाचा आकडा खोडून सात. सात खोडून आठ. तो खोडलेला आकडा तसाच ठेवून पत्रक वाटलं.

मित्रांनो, सायक्लोस्टाइलवर अंक काढणाऱ्या आपल्यासारख्यांना स्टेन्सिल पुन्हा कापायला काय लागतं ते कळतं. पण खोडलेला आकडा वाचणाऱ्याला जे सांगतो ते गुळगुळीत छपाईला सांगता येत नाही.

आणि वस्तीनं काय केलं? डॉर्चेस्टरमध्ये 'ग्रीन लाइट' नावाची योजना निघाली. शेजाऱ्यांनी आपापसात ओळखीपाळखी करून काही घरं ठरवली. त्या घरांनी दाराशी हिरवा दिवा लावायचा. रात्री कुणी मागं लागलं, भीती वाटली, तर बाईनं हिरव्या दिव्याच्या घरात शिरायचं. कोण आहेस, कुठून आलीस, एवढ्या रात्री का, असले प्रश्न नंतर. वेगवेगळ्या गटांनी मिळून बायकांच्या सुरक्षेसाठी आघाडी केली. त्यात काळ्या होत्या, गोऱ्या होत्या, समलिंगी होत्या, चर्चला जाणाऱ्या होत्या. एरवी ज्या समलिंगी बायांना वस्तीनं दाराशी उभं केलं नसतं, त्याच पत्रकं घेऊन दारोदार फिरत होत्या. काम बघून लोकांनी दार उघडलं. न्यूटनच्या पत्राला जे जमलं नव्हतं ते त्या खोडलेल्या पत्रकानं केलं.

पुढं काही खटले उभे राहिले. कुणी एकच माथेफिरू नव्हता. वेगवेगळे पुरुष निघाले. म्हणजे बायांचं म्हणणंच खरं ठरलं, की रोग एका डोक्यात नव्हता, हवेत होता. कलेक्टिव्ह १९८० च्या सुमारास थांबलं. त्यातूनच बार्बरा स्मिथनं ऑड्री लॉर्ड या काळ्या समलिंगी कवयित्रीबरोबर 'किचन टेबल' नावाचं प्रकाशन काढलं. आपल्या भाषेत चुलीपुढचं प्रकाशन. कारण बाईचं लिहिणं तिथंच होतं. प्रस्थापित छापत नाहीत म्हणून आपण काढायचं. हे तर आपलंच बोलणं झालं.

आता घरी या. बॉस्टनमध्ये १९७९ मध्ये हे चाललं होतं तेव्हा आपल्याकडं काय होतं? ज्या १९७२ मध्ये पँथर निघाली, त्याच वर्षी २६ मार्चला तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी पोरीवर पोलिसांनी बलात्कार केला. खालच्या कोर्टानं तिच्या चारित्र्यावर बोट ठेवून पोलीस सोडले. नागपूरच्या हायकोर्टानं शिक्षा दिली. १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टानं पुन्हा सोडून दिले. का, तर तिच्या अंगावर जखमा नव्हत्या आणि तिनं आरडाओरडा केला नाही. सप्टेंबर १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी कोर्टाला उघडं पत्र लिहिलं. त्यातून मुंबईत बलात्कारविरोधी मंच उभा राहिला, ८ मार्च १९८० ला ठिकठिकाणी मोर्चे निघाले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. मोठं काम झालं, नाकारायचं कारण नाही. पण बहुतेक पुढं शहरातल्या शिकलेल्या बाया होत्या. खटला आदिवासी पोरीचा आणि व्यासपीठावर तिच्या जातीची कुणी नाही. कोंबाहीच्या बायांनी हेच ओळखलं होतं. आपल्याबद्दल दुसऱ्यानं बोलायचं आणि आपण पुरावा म्हणून उभं राहायचं, हे बंद झालं पाहिजे.

आपल्या बायांनी काही केलंच नव्हतं असं नाही. २० जुलै १९४२ ला नागपुरात दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष. हजारो बाया आल्या. घटस्फोटाचा हक्क हवा, एका पुरुषाला अनेक बायका नकोत, असे ठराव तेव्हा झाले. हिंदू कोड बिल पुढं आलं ते यानंतर. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी गावोगाव फिरून अशा बायांच्या मुलाखती घेतल्या आणि 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक १९८९ मध्ये आलं. 'ही' या अक्षरावर जोर द्या.

आणि समलिंगी माणसांचं? हे परदेशी खूळ, आपल्यात हे नसतं, असं म्हणणाऱ्या कार्यकर्त्याला १९३४ सालात घेऊन जा. पुणे करार होऊन दोन वर्षं झालेली, येवल्याची घोषणा व्हायला एक वर्ष बाकी. बाबासाहेबांना श्वास घ्यायला सवड नव्हती. त्या वेळी रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर अश्लीलतेचा खटला झाला. गुन्हा काय? वाचकांनी हस्तमैथुनाबद्दल, समलिंगी संबंधांबद्दल प्रश्न विचारले आणि कर्व्यांनी शास्त्राला धरून उत्तरं दिली. कर्व्यांचे वकील म्हणून उभे राहिले बॅरिस्टर भीमराव आंबेडकर. लैंगिक प्रश्नाला उत्तर देणं म्हणजे अश्लीलता नव्हे, लोक विचारतात तर ज्ञान द्यायला हवं, असा त्यांचा मुद्दा. हॅवलॉक एलिस या संशोधकाच्या लिखाणाचा आधार त्यांनी दिला. खटला हरले. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला.

हरलेला खटला आपण सांगत नाही. पण हा सांगा. समलिंगीपणाचा शब्दही घरात निघत नव्हता, तेव्हा आपला बाप कोर्टात उभा होता. विचारणाऱ्याला उत्तर मिळालं पाहिजे, एवढ्याचसाठी.

ते काम पुन्हा सुरू व्हायला फार वर्षं गेली. १९९० मध्ये मुंबईत 'बॉम्बे दोस्त' हे समलिंग्यांचं नियतकालिक निघालं, १९९४ मध्ये हमसफर ट्रस्ट, २००२ मध्ये पुण्यात समपथिक ट्रस्ट. एड्सच्या काळात या गटांनी तपासणी, औषधं, समुपदेशन अशी कामं केली. ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टानं ३७७ कलमाचा फास काढला. खाजगीत राजीखुशीनं केलेलं प्रेम गुन्हा राहिलं नाही. त्या निकालात एक शब्द पुन्हा-पुन्हा येतो, संविधानिक नैतिकता. ४ नोव्हेंबर १९४८ ला बाबासाहेबांनी संविधान सभेत उच्चारलेला तो शब्द. १९३४ चा हरलेला खटला ८४ वर्षांनी त्यांच्याच शब्दानं जिंकला, असं मी म्हणतो.

पण तिथंही जात आहेच. २०१५ मध्ये मुंबईत एका आईनं आपल्या समलिंगी मुलासाठी 'वर पाहिजे'ची जाहिरात पेपरात दिली. कौतुक झालं, धाडस होतंच. त्यात लिहिलं होतं, जातीची अट नाही, आणि लगेच कंसात स्वतःच्या जातीला पसंती. त्याच वर्षी दिल्लीच्या प्राइड मोर्चात काही दलित समलिंगी तरुण आपली जात उघड सांगणारे फलक घेऊन उतरले. त्यांना तिथं जात लपवावी लागायची आणि आपल्याकडं प्रेम. पुन्हा तीच अर्धी उघडी दारं. त्यातलं एक दार आपलं आहे.

मग करायचं काय? मोठा ठराव नको. ठराव करून घरी जायची आपल्याला सवय आहे. पाच कामं सांगतो.

मोर्चात बांगड्या न्यायच्या नाहीत. कुणी आणल्या तर तिथंच थांबवायचं.

बायल्या, छक्का, हिजडा या शिव्या भाषणातून आणि गप्पांतूनही काढायच्या. दुश्मनाला द्यायला आपल्याजवळ मुद्दे आहेत.

शिबिरात १९४२ ची नागपूर परिषद आणि १९३४ चा खटला दोन्ही शिकवायचे. शिकवायला बाई असली पाहिजे, नुसती स्वागतगीताला नको.

बाईवर अत्याचार झाला की सभेत पहिलं तिच्याकडच्या बायांनी बोलायचं. पुढारी खाली बसून ऐकतील.

आणि वस्तीत निदान एक घर ठरवायचं. मार खाऊन आलेली सून, जातीबाहेर प्रेम केलेली पोरं, बापानं हाकललेला समलिंगी पोरगा, कुणीही रात्री दार वाजवलं तर तिथं चटई नि चहा मिळेल. हिरवा दिवा लावा की नका लावू, पण कुठलं घर ते वस्तीला ठाऊक असलं पाहिजे.

त्या ढोलकीवाल्या पोराला मी पुढं शोधलं. सापडला नाही. तुमच्या शाखेत आज तसा कुणी असेल तर तो अजून हसतोय. तो हसायचा थांबायच्या आत त्याच्याशी बोला.

जय भीम.